माहूरगडावरून दिसणारी रायबागन

माहूरला लोक सूर्यास्त बघायला जातात हे आजीला सांगितलं असतं तर तिने कपाळाला हात लावला असता. आमच्याकडे माहूरला जायचं ते देवीला. पायऱ्या चढायच्या, ओटी भरायची, कुटलेल्या विड्याचा तांबूल घ्यायचा, मग दत्तशिखर, अनसूया, आणि उजेड आहे तोवर खाली. "माहूर केलं" असंच म्हणायचे सगळे, जणू काही सासुरवाडीचं एक काम उरकलं. शेजारचा किल्ला म्हणजे रेणुकेच्या पायऱ्यांवरून दिसणारी एक काळी भिंत. तिकडे कुणी जायचं नाही. झाडी फार, विंचूकाटा फार, आणि मुख्य म्हणजे तिकडे देव नाही!

आता नांदेड, यवतमाळकडची तरुण पोरं मोटारसायकली घेऊन येतात, दर्शन झाल्यावर तटावर चढतात आणि सूर्य बुडेपर्यंत बसून राहतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. उलट माहूर ही संध्याकाळचीच जागा आहे असं माझं मत. दत्त महाराज स्नानाला काशीला, भिक्षेला कोल्हापूरला आणि झोपायला माहूरला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिन्ही जगांत फिरणारा देव दिवस मावळला की इथे परततो. मग माणसांनी तेव्हा तिथे बसू नये का?

तसं पाहिलं तर इथल्या सगळ्या गोष्टी बघण्याच्याच आहेत. परशुरामाने बापाला अग्नी दिला, रेणुका सती गेली. पुढे आई जमिनीतून पुन्हा वर येत असताना त्याला धीर निघाला नाही, त्याने वेळेआधी पाहिलं, म्हणून आईचं नुसतं मुख वर आलं. गाभाऱ्यात आपण पूजतो ते तेच मुख. दुसरी गोष्ट महानुभावांची. फलटणचे चक्रपाणी माहूरला आले, तेव्हा दत्तात्रेय प्रभू वाघाच्या रूपात समोर आले आणि त्यांच्या डोक्यावर पंजा ठेवला. बाकीचे यात्रेकरू वाघ बघून पळाले असणार, हे माझं पदरचं. वाघाची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे एक वाघीण यायची आहे.

किल्ल्यावर हत्ती दरवाजाने आत शिरलं की तटाच्या कडेकडेने चालत राहायचं. चढ दमवणारा नाही, पण दगड सुटे आहेत आणि गवतात पाय कुठे पडतो ते दिसत नाही. वर पोचलं की सागाचं रान चहूबाजूला पसरलेलं, आणि पैनगंगा मोठं वळण घेऊन गेलेली. नदीपलीकडे विदर्भ. आपण सूर्याकडे बघत असतो, पण ज्यांनी हा तट बांधला ते नदीकडे बघत होते. कोण उतरतंय, किती घोडी आहेत, कुठल्या बाजूने धूळ उडतेय. फोटोत जी जागा छान येते ती मुळात चौकीची जागा आहे.

आणि चौकी तरी केवढी! बहमनी वजीर महमूद गावानने पंधराव्या शतकात राज्याच्या चार सुभ्यांचे आठ केले, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग झाले. एकाचं ठाणं गाविलगड, दुसऱ्याचं माहूर. वऱ्हाडातून तेलंगणात उतरणाऱ्या वाटेवर हा गड, म्हणून त्याचं महत्त्व. अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’त माहूरच्या किल्ल्याबरोबर शेजारच्या देवीच्या देवळाचीही नोंद केली आहे. अकबराच्या दरबारातल्या माणसाला आमची कुलदेवता ठाऊक होती, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

पुढे १५९६ मध्ये चांदबिबीने अहमदनगर वाचवण्यासाठी तह केला आणि वऱ्हाड मोगलांना देऊन टाकला. त्या वऱ्हाडाबरोबर माहूरही गेलं. मधली मलिक अंबरची धामधूम सोडली तर इथून पुढे हा मुलूख मोगलांचा. हे साल मी मुद्दाम सांगते आहे, कारण शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे तेव्हा माहूर मोगलांकडे जाऊन ३४ वर्षं झाली होती.

या गडावर उदाराम नावाच्या ब्राह्मण सरदाराचं घराणं नांदलं. जहांगीरच्या काळात तो मोगलांचा मनसबदार झाला. शाहजहान शाहजादा असताना बापाविरुद्ध बंड करून पळत होता, तेव्हा १६२३ मध्ये तो याच बाजूने गोवळकोंड्याच्या मुलखात उतरला, आणि जाताना हत्ती अन् जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या हवाली करून गेला. पुढे ताजमहाल बांधणारा माणूस एकदा पावसापाण्यात आपल्या पैनगंगेच्या काठाने वणवण करत होता, हे नांदेडच्या शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही. असो.

याच घराण्यातली सावित्रीबाई. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर तिने जहागीर आणि फौज दोन्ही आपल्या हातात ठेवली, लढायांत स्वतः उतरली, आणि औरंगजेबाकडून तिला ‘रायबागन’ हा किताब मिळाला. राजवाघीण म्हणा हवं तर.

तिचं नाव मराठी माणसाला माहीत आहे ते एकाच प्रसंगाने. फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखान पुण्यात बसलेला. त्याने कारतलबखानाला कोकणात पाठवलं आणि रायबागनला त्याच्याबरोबर दिलं. फौज लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटाने उतरली आणि उंबरखिंडीच्या दाट रानात अडकली. पुढून मराठे, मागून मराठे, वर झाडीत मराठे. पाणी नाही. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग सविस्तर आहे. त्यात रायबागन खानाला सुनावते की या सिंहाच्या रानात तू फौज घातलीस हेच चुकलं, आता शरण जाऊन सगळ्यांचा जीव वाचव. खानाने ऐकलं. सामानसुमान तिथेच टाकून फौज जिवानिशी सुटली.

माझी भाची पुण्यात वाढली. शाळेच्या सहलीत उंबरखिंडीचं स्मारक बघून आली आणि मला म्हणाली, "आत्या, रायबागन आपल्या माहूरची ना? मग ती आपल्या विरुद्ध का होती?" प्रश्न साधा होता, पण त्यातला ‘आपल्या’ मला बरेच दिवस टोचत राहिला. एकाच वाक्यात दोनदा आलेला, आणि दोन्ही वेळा वेगळा.

सह्याद्रीतून बघितलं तर रायबागन शत्रूच्या गोटातली बाई, खिंडीत शरण आलेली. बस्स. पुस्तकांत ती चार ओळींपुरती येते, खानाला शहाणपण सांगते आणि निघून जाते. माहूरच्या तटावरून तिच्याकडे बघितलं की चित्र बदलतं. एक तर, ज्या सत्तेची चाकरी तिने केली तिची चाकरी तिचं घराणं आधीपासून करत आलं होतं. स्वराज्य तिकडे मावळात उभं राहत होतं, इथून कित्येक मुक्कामांवर. पैनगंगेकाठी त्याची हाक पोचली असेल तर बातमी म्हणूनच. वतन राखायचं तर मोगलांची चाकरी, नाहीतर गड सोडायचा, एवढाच हिशेब इथे होता. विधवेला तर तो आणखी कडक.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ते शब्द तिच्याच तोंडी का आले? कारतलबखान उझबेक, त्याला मैदानी घोडदौड ठाऊक. ही बाई मात्र जंगलातल्या किल्ल्याची मालकीण. सागाच्या रानात फौज शिरली की पुढचं माणूस मागच्याला दिसत नाही, पाणवठा ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं, हे तिला घरबसल्या माहीत असणार. परमानंद काही तिथे बसून टिपणं घेत नव्हता, शब्द त्याचेच आहेत हे मान्य. पण त्यालाही हे शहाणपण तिच्याच तोंडी घालावंसं वाटलं ना! शत्रूपक्षातली एक बाई, आणि महाराजांच्या कवीने तिला सगळ्या फौजेत एकटी डोळस दाखवली. याला मी शरणागती म्हणत नाही.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तरी ती हरली ना?" हो बाई, हरली. पण तिच्याबरोबरची माणसं जिवंत परत गेली. त्यांत आपल्या भागातले कितीतरी असतील.

‘आपल्या’चा घोळ माहूरला नवा नाही म्हणा. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तेव्हा पैनगंगा ही इंग्रज आणि निजाम यांच्यामधली हद्द झाली. देवीचे निम्मे भक्त नदीपलीकडून, म्हणजे दुसऱ्या राज्यातून यायचे. निजामाच्या राज्यात हा भाग आदिलाबाद जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली, तरी आदिलाबाद सुटायला १९५६ उजाडलं, आणि तेव्हा किनवटबरोबर माहूर नांदेड जिल्ह्यात आलं. गड मात्र होता तिथेच उभा राहिला.

कुणाला जायचं असेल तर नवरात्र सोडून जा, तेव्हा मुंगीला शिरायला जागा नसते. दिवाळीनंतर जा. पावसाने धुतलेली हवा असते, रान अजून हिरवं असतं आणि तटावरचं गवत वाळायला लागलेलं असतं. दर्शन दुपारी उरका, तांबूल बरोबर घ्या, आणि चार-साडेचारला किल्ल्यात शिरा. महाकाली बुरूज बघून घ्या. कडेला कठडा नाही, तेव्हा फोटोपायी मागे मागे सरकू नका, आणि टॉर्च घ्या, उतरताना अंधार पडतो. बसल्यावर आधी नदीकडे बघा. सूर्य काय, बुडायला वेळ लावतो.