घळीचा उगम नदीत नाही

उर्से आणि आसपासच्या पवनाकाठच्या गावांत जमीन खचू लागली की दोन मागण्या ठरलेल्या असतात: नदीला संरक्षक भिंत बांधा आणि पोकलेन लावून ओढा सरळ, रुंद, खोल करा. पाणी अडखळतं म्हणून काठ फोडतं, त्याला मोकळी वाट दिली की शेत वाचेल, असा हा पूर्वपक्ष. इंजिनिअरपासून सरपंचापर्यंत सगळ्यांना तो पटतो. मला तो चुकीचा वाटतो, आणि घातकही.

घळ वाढते ती उताराच्या वरच्या अंगाला. तिच्या माथ्यावरून धार खाली पडते, बुडाचा मुरूम पोखरते, वरची माती निराधार होऊन कोसळते आणि घळ शेतात आणखी आत सरकते. अशा वेळी ओढ्याचा तळ खाली नेला, तर त्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओघळीची उडी वाढते आणि ती मागे, शेताकडे कातत जाते. वळणं काढली की वेग वाढतो. वेग दुप्पट झाला, तर पाणी 64 पट वजनाचा धोंडा ढकलू शकतं, हा जलशास्त्रातला जुना नियम आहे. भिंतीनं एका काठाला आधार मिळतो खरा, पण प्रवाहाचा जोर तिच्या पायथ्याशी, नाहीतर ती संपते तिथल्या उघड्या मातीवर जातो.

मग उपाय कुठून सुरू करायचा? पाणी एकवटतं तिथून. डोंगरउतारावरचं प्लॉटिंग, कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आणि 2002 साली पूर्ण खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांमुळे पूर्वी पसरून मुरणारं पाणी आता गटारा-मोऱ्यांतून एका धारेनं सुटतं. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हेच सुचवलं होतं: पलटणी-पोलिसांतली माणसं लावून जागोजाग ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मगच ओढ्याला मिळेल.

यावर आक्षेप येतो, की अनघड दगडांचे बांध पहिल्याच पावसात वाहून जातात. जातात, कारण ते वरचं काम सोडून आधी खालीच घातले जातात, आणि तेही सपाट माथ्याचे. बांधाचा मध्य दोन्ही कडांपेक्षा खाली हवा, नाहीतर पाणी बगलेनं काठ कापून निघतं. टोकं काठात चर खणून रुतवावी लागतात. धार पडते तिथं दगडांची फरसबंदी लागते. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीला आला, की मधल्या टप्प्यात गाळ साचून उतार मोडतो. त्या गाळात वाळा आणि निर्गुडी, काठावर करंज आणि वाळुंज लावले, की मुळं दगडांचं काम पुढे चालवतात. आणि तिथं दोन-तीन पावसाळे गुरं सोडायची नाहीत. गावाला सगळ्यात अवघड जाते ती हीच अट.

पूल किंवा वस्ती अगदी काठावर असेल, तर भिंत बांधावीच लागेल. तिला माझा विरोध नाही. पण उर्सेच्या आराखड्यात पहिला खर्च मोऱ्यांच्या तोंडाशी वेग मोडण्यावर, दुसरा उतारावरच्या समतल चरांवर, तिसरा घळीतल्या बांधांवर पडावा. भिंतीचं अंदाजपत्रक त्यानंतर मांडावं.