लाल बाजू, काळी बाजू

भाचीच्या सातव्या वाढदिवसाला मी वाचनाचं ॲप देणार होतो. रोज वाचलं की तारे, खंड पडला की शून्य. तेवढ्यात १७४४ सालचं लंडन आठवलं.

जॉन न्यूबेरीने तेव्हा 'अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक' काढलं. नुसतं पुस्तक सहा पेन्स. सोबत मुलग्याला चेंडू किंवा मुलीला टाचण्यांची उशी हवी असेल, तर आठ. मुलांनी मजेत वाचावं म्हणून छापलेल्या सुरुवातीच्या इंग्रजी पुस्तकांपैकी हे एक. पण चेंडूची एक बाजू लाल, दुसरी काळी. चांगलं वागलं की टाचणी लाल बाजूला खोचायची, वाईट वागलं की काळ्या. भेटवस्तूतच हिशेब! माझं ताऱ्यांचं ॲप म्हणजे तोच चेंडू.

शेवटी भाचीला दुकानात नेलं. तिने भुतांच्या गोष्टी निवडल्या, मी एक कोरी वही घेतली. त्या वहीत ती काय लिहिते, मी विचारत नाही.