चित्रपटाचा राजाश्रय आणि आपला खानदेश

जळगावास वा धुळ्यास ज्यांनी जुन्या चित्रगृहाच्या खिडकीशी उभे राहून तिकीट काढले, त्या सर्वांनी सरकारला करमणूक कर भरलेला आहे. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने हा कर बसला, तो २०१७ साली वस्तू व सेवा कर येईपर्यंत चालला. सरकार चित्रपटापासून घेत आले, हे उघड आहे. ते देऊ केव्हा लागले आणि कोणत्या अटीवर, एवढेच आज आपण पाहू.

आपल्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तो विम्याची पॉलिसी आणि पत्नीचे दागिने पणास लावून. १९२७ साली नेमलेल्या रंगाचारी समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. समितीने धंद्यास सरकारी साहाय्य सुचविले, पण परक्या सरकारने तो अहवाल दप्तरी ठेवला. स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील समितीने १९५१ साली भांडवलाचा प्रश्न पुन्हा मांडला, आणि १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघाले.

महाराष्ट्राने याहून साधी युक्ती १९७५ साली केली. मराठी चित्रपटावर जमलेला करमणूक कर निर्मात्यास परत द्यावयाचा, मात्र त्याने पुढचा मराठी चित्रपट काढला पाहिजे. प्रेक्षकाचा पैसा अशा रीतीने पुन्हा प्रेक्षकाकडेच येई. यात एक उणीव होती. ज्याची तिकिटे अधिक खपत त्याला परतावाही अधिक. बेताच्या चाललेल्या चांगल्या चित्रपटाच्या पदरी थोडेच पडे. म्हणून पुढे परीक्षण करून दर्जानुसार ठरीव अनुदान देण्याची पद्धत आली.

या जमाखर्चात खानदेश कोठे आहे? अमळनेरच्या शाळेत शिकविणाऱ्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वरून आचार्य अत्र्यांनी काढलेल्या १९५३ च्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. जळगावच्या बहिणाबाईंची गाणी १९६१ साली ‘मानिनी’तून घरोघर गेली. आम्ही शब्द दिले, तिकिटाचे पैसे दिले, कर दिला. कलागृहे मात्र कोल्हापूर, पुणे, मुंबईस राहिली. सरकारने १९७७ साली चित्रनगरी उभारली, तीही गोरेगावास.

आता काळ पालटला आहे. परदेशी चित्रसंस्थांनी भारतात येऊन चित्रण करावे म्हणून केंद्र सरकारने २०२२ साली खर्चाच्या तीस टक्क्यांपर्यंत परतावा जाहीर केला, आणि २०२३ साली तो चाळीस टक्क्यांपर्यंत, कमाल तीस कोटी रुपयांपर्यंत नेला. सातपुडा, तापीकाठ, लळिंगचा किल्ला ही स्थळे आपणही पुढे करू शकतो. परंतु इंग्लंडचा धडा विसरू नये. तेथे १९५० पासून १९८५ पर्यंत तिकिटावर पट्टी घेऊन स्वदेशी चित्रपटास वाटली जाई. अमेरिकन कंपन्यांनी तेथे शाखा थाटून त्यातील मोठा वाटा उचलला.

पाहुणे यावेत, त्यांचे स्वागत आहे. पण चार दिवस खाणावळी भरल्या आणि मंडळी निघून गेली, एवढ्याने जिल्ह्याचे भले होत नाही. १९७५ च्या योजनेत पुढच्या चित्रपटाची अट होती, तोच तिचा प्राण होता. तशीच अट आज हवी: जेथे चित्रण होईल तेथील मुलांना कॅमेरा, ध्वनी, संकलन यांचे शिक्षण मिळावे. मग अहिराणीतील गोष्ट सांगण्यास आम्हांस कोणाच्या दारी जावे लागणार नाही. सरकारी पैसा शेवटी आपलाच आहे. त्याचा हिशेब मागणे हे नागरिकांचे काम होय.