राहिलेली तीन षटकं

शनिवार, रात्री ९.४०
गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. पावसाचा मात्र जायचा विचार दिसत नव्हता. ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, "उद्या आहे ना?" मैदानाचं भाडं आगाऊ भरलेलं होतं आणि ते परत मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कर्णधार मी होतो. मी लिहिलं, "आहे. सात वाजता घोरावाडी."

रविवार, सकाळी ६.४५
पुण्याहून लोणावळा लोकलने निघालो होतो. बेगडेवाडी सोडली की घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो. त्या दिवशी माथा ढगात होता, पायथा तेवढा हिरवागार. डब्यात आम्ही सात जण, मांडीवर किटबॅगा. आमचा जलदगती गोलंदाज दाराशी उभा. वय बावीस. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर कामाला, सलग आठ तास उभं राहायची ड्युटी. आदल्या रात्रीची पाळी संपवून तो थेट जाऊ शकला असता, पण बूट घरी राहिले म्हणून पिंपरीला जाऊन परत आमच्याबरोबर आला.

घोरावाडीचा पाऊस ओळखायला अवघड. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तिथून साठेक किलोमीटर पुढे पुण्यात जेमतेम सातशे, आणि घोरावाडी या उताराच्या अधेमधे. पश्चिमेकडून सर निघाली की इथवर येते की वाटेतच विरते, याचा भरवसा गावातली माणसंही देत नाहीत.

सकाळी ७.१५
मैदानावरच्या मामांनी ताडपत्री काढून ठेवली होती. खेळपट्टी काळ्या मातीची, रोलर फिरवून घट्ट केलेली. मी वाकून अंगठा दाबला. उमटला नाही. मला तेवढं पुरलं. मामांनी खिशातून किल्ली काढली आणि क्रीजच्या पुढे, गोलंदाजाचा पाय पडतो तिथे खुपसली. अर्धी किल्ली आत गेली.

"दादा, वरची खपली वाळलीय. आत लोणी आहे."

काळी माती पाणी धरून ठेवते. उन्हात तिला भेगा पडतात, पाण्याने ती फुगते, आणि वरून कोरडी दिसली तरी आत दिवस दिवस ओल राहते. हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "बघू मामा, ऊन पडेल."

सकाळी ७.४५ ते ९.२०
नाणेफेक हरलो आणि पहिली फलंदाजी आमच्याकडे आली. पंचवीस षटकांत ९८. त्या डावाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. चेंडू गवतात अडत होता, चौकार जेमतेम चार.

नाणेफेकीच्या वेळीच दोन्ही कर्णधारांनी ठरवलं होतं की पाऊस आला तर दुसऱ्या डावाची निदान पंधरा षटकं व्हायला हवीत. मग निकाल धावगतीवर. त्याआधी थांबलं तर सामना रद्द.

सकाळी १०.२०
त्यांच्या १२ षटकांत ६ बाद ४१. आमच्या पोराने चार घेतले होते. तेवढ्यात डोंगर दिसेनासा झाला. सर आली ती आडवीच. स्टंप उपटून सगळे पत्र्याच्या शेडकडे पळालो. ताडपत्री ओढेपर्यंत खेळपट्टीवर पाणी साचायला लागलं होतं.

पत्र्यावरच्या आवाजात मी हिशेब केला. आमची धावगती चारच्या किंचित खाली. पंधरा षटकांअखेर त्यांना ५९ हव्या होत्या. तीन षटकांत अठरा धावा, हातात चार गडी. सामना आमचाच होता. हवी होती ती फक्त तीन षटकं.

सकाळी १०.५५
पाऊस थांबला. समोरचा कर्णधार भला माणूस. म्हणाला, "रद्द करू या, मैदान खराब झालंय. वडापाव खाऊ आणि निघू." आमच्यातले एक काका होते, पन्नाशीचे, तरुणपणी मुंबईत कांगा लीगच्या खालच्या विभागात खेळलेले. ती स्पर्धा १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळवली जाते, उघड्या खेळपट्ट्यांवर. ओल्या मैदानाचं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "खेळायचंच असेल तर वेगवाले बंद. दोन पावलांवरून टाकणारे दोघं लाव."

मी म्हणालो, "तीनच षटकं आहेत, काका."

याविषयी क्रिकेटचा नियम स्पष्ट आहे. गवत ओलं आहे, चेंडू ओला आहे, एवढ्यावरून मैदान धोकादायक ठरत नाही. पण गोलंदाजाला नीट पाय रोवता येत नसेल, क्षेत्ररक्षकांना मोकळेपणी हलता येत नसेल, फलंदाजांना धावता येत नसेल, तर खेळ थांबलाच पाहिजे. आणि हा निर्णय फक्त पंचांचा, कर्णधारांचा नाही. आमच्या सामन्यांत पंच कोण असतात? फलंदाजी करणाऱ्या संघातले, बाद झालेले किंवा पाळीची वाट बघणारे दोघं. त्यांनी थांबवलं असतं तर हरत होते म्हणून थांबवलं, असं मीच म्हणालो असतो. ते त्यांनाही कळत होतं. दोघंही गप्प राहिले.

एक्स्प्रेस वेच्या बाजूला गहुंजेचं मोठं स्टेडियम आहे. तिथे पाणी शोषायची यंत्रं असतात, तटस्थ पंच असतात, सामनाधिकारी असतो. आमच्याकडे मामा, एक फडकं आणि लाकडाच्या भुश्शाचं पोतं.

सकाळी ११.२५, तेरावं षटक
काकांचं अर्धं ऐकलं. फिरकीवाल्याला चेंडू दिला. ओला चेंडू त्याच्या बोटांतून साबणासारखा निसटत होता. दोन फुलटॉस पडले. षटकात ११ धावा. त्यांच्या ५२ झाल्या, आता दोन षटकांत सात पुरे होत्या.

मी मिडऑफवरून पोराकडे बघितलं. तो फाइन लेगला बुटाच्या खिळ्यांमधला चिखल काडीने काढत होता. हाक मारली. तो पळतच आला.

"टाकशील ना?"
"टाकतो की, दादा."

नाही म्हणायची त्याला सोयच नव्हती. मोठ्याने विचारलं, सगळे बघत होते, आणि मी कर्णधार.

सकाळी ११.३१, चौदावं षटक
पोराने चौदा पावलं मोजली आणि खुणेला विटेचा तुकडा ठेवला. मामांनी क्रीजपुढच्या खड्ड्यात ओंजळभर भुसा टाकला. सकाळपासून दोन्ही संघांचे डावे पाय तिथेच आपटले होते. खड्डा बशीएवढा, कडा कडक, तळात चिखल. जलद गोलंदाजाचा पुढचा पाय टेकतो तेव्हा त्या पायावर अंगाच्या वजनाच्या पाचपट-सहापट भार येतो. सगळा भार त्या बशीत पडत होता.

पहिला चेंडू निर्धाव.

दुसऱ्यावर एक धाव. टाकताना तो वीतभर सरकला. त्याने हसून हात वर केला, ठीक आहे म्हणून. भुसा चिखलात मिसळून तांबूस झाला होता.

तिसरा यॉर्कर. मधला स्टंप गेला. आम्ही ओरडलो. मामांनी सीमेवरून दोन्ही हात हलवले, पुरे म्हणून. मी ते पाहिलं. नवीन फलंदाज येईपर्यंत निदान तीन मिनिटं गेली असतील. त्या तीन मिनिटांत मी क्षेत्ररक्षण बदललं.

सकाळी ११.३७, चौथा चेंडू
डावी टाच भुश्शावर टेकली आणि पुढे घसरली. खिळे खड्ड्याच्या कडक कडेत अडकले. पाऊल तिथेच राहिलं आणि अंग पुढे वळलं. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला, मिडऑफपर्यंत ऐकू आला. चेंडू कुठे गेला, कुणी पाहिलं नाही. तो ओरडला नाही. खाली बसला, गुडघा दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाला, "दादा, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे."

त्याच ताडपत्रीवर झोपवून सहा जणांनी त्याला गाडीपर्यंत नेलं. तीन त्यांचे, तीन आमचे. समोरच्या कर्णधाराने गाडी काढली आणि सोमाटणे फाट्याकडे घेतली. मागच्या सीटवर पोराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कपाळावर भुसा चिकटला होता, तो मी काढत राहिलो.

पुढे
एमआरआयमध्ये गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध पूर्ण तुटलेला निघाला. शस्त्रक्रिया झाली. कंत्राटी कामगाराची जागा नऊ महिने कोण राखून ठेवणार? ती गेली. दोन्ही संघांनी वर्गणी काढली, काही खर्च भागला. मी कर्णधारपद सोडलं. त्याने काही भरून आलं नाही.

आता आमच्या सामन्यात नाणेफेकीआधी एक गोष्ट ठरते. मैदान सांभाळणाऱ्या माणसाने हात वर केला की खेळ संपला, धावफलक काहीही असो. समोरचा संघ तयार नसेल तर आम्ही किटबॅग उघडत नाही.

पुढच्या पावसाळ्यात तो एका रविवारी आला. थोडा लंगडत, गुणलेखनाची वही घेऊन शेडखाली बसला. आठव्या षटकात थेंब पडायला लागले. मामा रोलरपाशी होते, त्यांचं लक्ष नव्हतं. त्याने पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि सदऱ्याच्या आत धरली. मैदानावरच्या बावीस जणांपैकी किती षटकं राहिली, असं कुणीही विचारलं नाही.