मंगळाचें हरपलेलें वातावरण

ग्रहाचें वातावरण ही त्याची कायमची मिळकत होय, अशी आपली सहज समजूत असते. मंगळाचा इतिहास या समजुतीला धक्का देतो. आणि तो इतिहास उमगण्यास मानवाला जवळजवळ एक शतक लागलें, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१८७७ सालीं मिलान येथील ज्योतिर्विद स्कियापारेली यांना मंगळावर रेषांचें जाळें दिसलें. त्यांनीं योजलेल्या इटालियन शब्दाचा अर्थ नुसता ‘जलमार्ग’ असाहि होऊं शकतो. पण भाषांतरांत त्याचे ‘कालवे’ झाले. कालवे म्हटले कीं खणणारे आले, आणि खणणारे आले कीं त्यांच्या श्वासापुरती हवाहि आलीच! फ्लॅगस्टाफ येथें १८९४ सालीं वेधशाळा उभारणारे पर्सिव्हल लोवेल यांनीं १९०८ सालीं मंगळावरील हवेचा दाब ८७ मिलिबार ठरविला. पृथ्वीवर समुद्रसपाटीस तो सुमारें १०१३ असतो. ग्रहाच्या तेजांत हवेचा वांटा किती, यावर हें गणित उभें होतें. हवेंत तरंगणाऱ्या धुळीचें तेज मात्र हवेच्याच खातीं जमा झालें. पुढें अर्धें शतक तोच आंकडा थोड्याफार फरकानें मान्य राहिला.

जुलै १९६५ मध्यें मॅरिनर ४ हें अमेरिकन यान मंगळाआड गेलें. त्या वेळीं त्याच्या रेडिओलहरी तेथील हवेंतून वांकून पृथ्वीवर आल्या, आणि त्या वांकण्यावरून दाब निघाला अवघा ४ ते ७ मिलिबार. यानाच्या छायाचित्रांत कालव्यांऐवजीं उल्कापातांचीं विवरें दिसलीं. एका रात्रींत अनेकांचें एक जग नाहींसें झालें.

मग प्राचीन नदीपात्रांच्या खुणा मंगळावर कोठून आल्या? पाणी वाहण्यास दाट हवा हवी. ती गेली कोठें? याची साक्ष आर्गॉन वायूनें दिली. हा वायु खडकांशीं संयोग पावत नाहीं. तो घटला तर अवकाशांतच गेला म्हणावयाचें. हलके अणु अधिक सुटतात, जड मागें राहतात. २०१४ सालीं मंगळाभोंवतीं फिरूं लागलेल्या मॅव्हेन यानानें हें प्रमाण मोजलें, आणि मंगळाचा सुमारें दोन तृतीयांश आर्गॉन अवकाशांत निसटल्याचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. मंगळाचें वस्तुमान पृथ्वीच्या एक-दशांशाएवढें. त्यामुळें पकड दुबळी. त्याचें व्यापक चुंबकीय क्षेत्र सुमारें चार अब्ज वर्षांपूर्वीं मावळलें, आणि सूर्यापासून येणाऱ्या विद्युत्कणांचा झोत वरच्या हवेला थेट भिडूं लागला.

उरलेली हवाहि स्थिर नाहीं. ती बहुतांशीं कार्बन डायऑक्साईड असून, हिवाळ्यांत तिचा मोठा भाग ध्रुवावर गोठून पडतो आणि वसंतांत पुन्हा वर उठतो.

पृथ्वीची हवा आपणांस अक्षय वाटते, ती केवळ आपलें आयुष्य तोकडें म्हणून. मंगळानें आपली गमावली ती एखाद्या प्रलयानें नव्हे, तर कणाकणानें.