रेसिडेन्सी कोठी : इंदूरच्या इतिहासाची दुसरी बाजू

इंदूरचा इतिहास म्हटला की राजवाडा आणि लालबाग डोळ्यांसमोर उभे राहतात. रेसिडेन्सी कोठीचे स्मरण सहसा होत नाही. वस्तुतः राजधानी इंदूर आणि ही कोठी यांचा जन्म एकाच पराभवातून झाला आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या रणांगणावर होळकरांची सेना हरली आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. अल्पवयीन दुसऱ्या मल्हाररावांच्या वतीने तात्या जोग यांनी उरलेले राज्य राखले. मात्र दरबारी इंग्रज रेसिडेंट स्वीकारावा लागला. राजधानी इंदुरास आली, आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी ही कोठी उभी राहिली. १८५४ पासून मध्य भारतातील संस्थानांवरील देखरेखीचे ती मुख्य ठाणे झाली.

१ जुलै १८५७ रोजी सकाळी सआदत खान यांच्या नेतृत्वाखाली होळकरांच्याच सैनिकांनी कोठीवर तोफा डागल्या. कर्नल ड्युरँडला सीहोरकडे माघार घ्यावी लागली. तुकोजीराव महाराजांच्या निष्ठेविषयी त्याने पुढे कायम संशय बाळगला. सआदत खान यांना तब्बल सतरा वर्षांनी, १८७४ मध्ये, फाशी देण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर ही वास्तू शासकीय विश्रामगृह झाली. राजवाड्यात आपल्याला आपले वैभव दिसते. कोठीत आपली पराधीनता, आणि तिला आव्हान देणारी एक सकाळ. पहिले आपण आवडीने सांगतो. दुसरेही तितक्याच प्रामाणिकपणे पुढील पिढीस सांगणे, हे आपले कर्तव्य होय.