धोंडीच्या आधीची मुले

आमच्या खटाव तालुक्यात हेळवी अजून येतात. पूर्वी बैलावर बसून येत, आता टेम्पोतून येतात. चोपडी मात्र तीच. वंशावळ वाचायची, धान्य-पैसे घ्यायचे आणि पुढचे गाव गाठायचे. मागच्या खेपेस त्यांनी आमचे घराणे वाचले तेव्हा पाच पिढ्यांत तीनदा एकच नाव आले : धोंडी. शेवटचा धोंडी म्हणजे माझे आजोबा. तिघेही चोपडीत थोरले म्हणून मांडलेले. पण थोरल्या मुलाचे नाव सहसा कोणी धोंडी ठेवत नाही. ते ठेवतात आधीची एक-दोन मुले गेल्यावर. चोपडीत वंश चालवणारेच येतात, न जगलेली पोरे येत नाहीत. त्यांचा राहिलेला एकुलता एक पुरावा म्हणजे मागून आलेल्या भावाचे नाव.

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या चार-पाच मुलांतले एक वर्षाच्या आतच जाई. देवी, पटकी, दुष्काळ आणि 1897 नंतर प्लेगही; सातारा जिल्ह्याने हे सारे पाहिले. मृत्यूशी भांडता येत नाही, पण त्याला फसवता येईल, असे आईबापांना वाटे. मग मूल केरावर ठेवायचे आणि दुसऱ्या बाईने ते उचलायचे, सुपात घालून विकायचे आणि पसाभर धान्य देऊन परत घ्यायचे, नाक टोचायचे. नावही त्याच कारस्थानातले : दगडू, केरू, पुंजा, भिका, धोंडू. हा तर धोंडा, ह्याला नेऊन काय करशील, असे सटवाईला आणि मृत्यूला ऐकू जावे म्हणून केलेली ती जाहीर खोटी कबुली आहे.

एवढ्यावर अर्थ संपला असता तर धोंडी हे नुसते तुच्छतेचे नाव राहिले असते. पण आपल्याकडे धोंडा ही साधी वस्तू नव्हे. शेंदूर फासला की तोच म्हसोबा. माणदेशात बांधाबांधावर असे देव बसले आहेत. म्हणून धोंडीचा धोंडिबा सहज होतो, आणि त्या ‘बा’मध्ये देवाचा मान असतो. मृत्यूला दगड दाखवायचा आणि देवाच्या पदरात मूल टाकायचे, ही दोन्ही कामे एकाच शब्दाने होतात. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्यात जन्मलेल्यालाही हे नाव मिळे; पण ती वाट अरुंद, कारण तो महिना तीन वर्षांतून जेमतेम एकदा येतो.

साताऱ्याकडून सांगली जिल्ह्यात शिरून मिरज, जत गाठले की हाच मुलगा दुसऱ्या नावाने भेटतो. कानडीत दगड म्हणजे ‘कल्लु’, त्याचा कल्लाप्पा. गोल दगड ‘गुंडु’, त्याचा गुंडाप्पा. उकिरडा ‘तिप्पे’, त्याचा तिपण्णा; म्हणजे आपला केरूच. कल्लाप्पाच्या मागे कल्लेश्वर नावाचा देवही उभा असतो, म्हणजे तिथेही दगड आणि देव वेगळे काढता येत नाहीत. भाषा बदलली, युक्ती तीच राहिली.

एक गल्लत मात्र टाळावी. चित्रपटमहर्षी फाळक्यांचे नाव धुंडिराज. तो काशीचा ढुंढिराज गणपती; धोंड्याशी त्याचा संबंध नाही. लोकांनी उच्चारात दोन्ही एक केले आणि ‘धोंडिराज’ हे मधलेच रूप रूढ झाले. त्याला मी अशुद्ध म्हणणार नाही.

हे नाव गरिबाघरचेच, हा समजही खरा नाही. 1800 सालच्या जूनमध्ये कर्नाटकात धोंडजी वाघाने पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांना ठार केले. सांगली संस्थानचे संस्थापक चिंतामणराव पटवर्धन त्याच चकमकीत जखमी झाले. पुढे सप्टेंबरात वेलस्लीच्या फौजेने धोंडजीला मारले. मारणारा धोंडी, मरणाराही धोंडी! 1857च्या इंग्रजी कागदांत नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत असेच येते. पुलंच्या ‘असा मी असामी’चा नायक धोंडो भिकाजी जोशी, त्याच्या नावावर आपण हसतो, पण बाप-लेकांची दोन्ही नावे मृत्यूला चकवणारी आहेत. आणि महर्षी धोंडो केशव कर्वे 104 वर्षे जगले. त्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मुले जगावीत म्हणून ठेवत ते नाव बापाचे. आणि मुले किती व्हावीत हे आईबापांनी ठरवावे असे सांगणारा त्यांचा मुलगा.

साताऱ्यात या नावांची आणखी एक बहीण आहे, आणि तिच्याबद्दल न लिहिता पुढे जाता येत नाही. 22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात 285 मुलींची नावे समारंभाने बदलली. त्या सगळ्यांची नावे नकोशी, नकुसा अशी होती. त्या वर्षीच्या जनगणनेत सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली नऊशेहून कमी होत्या. वरवर पाहता धोंडी आणि नकुसा एकाच जातीची नावे, दोन्ही नकार सांगणारी. पण धोंडीचा नकार लटका असे. बोलणाऱ्यालाही ते ठाऊक असे आणि ऐकणाऱ्यालाही. पुढचा मुलगा व्हावा म्हणून ठेवलेल्या नकुसात लटके काहीच नव्हते. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी दोन्ही एका कप्प्यात टाकू नयेत, असे माझे मत आहे.

आजोबांच्या आधी दोन मुलगे आणि एक मुलगी होती, हे मला आजीने सांगितले; तिला ते तिच्या सासूने सांगितलेले. त्यांना नावे होती का, हे सासूने कधी सांगितले नाही. आजीचाही एक नेम होता. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही म्हणून तिने दगडाला जन्मात कधी धोंडा म्हटले नाही. चुलीला लावायचा तोही ‘खडा’, नि अधिक महिना ‘जादाचा’. आजोबा गेल्यावरही ते तसेच राहिले. आम्ही नातवंडे मुद्दाम एखादा मोठा दगड दाखवून विचारायचो, आजी, हे काय? ती म्हणायची, तुमच्या आजाचं नाव हाय ते.